चुलीला नकाशात जागा द्या

शहरालगतच्या पडेगावात आता कुणीही घर बांधायला काढलं की नकाशात ओटा असतो, सिलिंडरची जागा असते, फ्रिजचीही असते. चुलीची नसते. भिंती उभ्या राहतात, पत्रे चढतात आणि मग घरातली ताई मोरीशेजारची तीन-साडेतीन फुटांची सांद दाखवते, "मिस्त्री, इथं चूल बसवून द्या की." मी गवंडी आहे आणि अशा जागी चूल मांडायला माझा हात धजत नाही.

चूल गेली, असं समजून नकाशे निघतात, तिथंच चुकतं. उज्ज्वला योजना 1 मे 2016 रोजी सुरू झाली, घरोघर सिलिंडर पोचले, बायकांचा धूर कमी झाला. फार चांगलं झालं. पण आंघोळीचं पाणी आणि भाकरी अजून जळणावरच होते, कारण जळण फुकट मिळतं. खेड्यात पऱ्हाट्या, तुराट्या. आमच्याकडे सेंट्रिंगच्या मोडक्या फळ्या, त्यांना ऑइल लागलेलं. त्यांची काजळी चिकट आणि धूर घसा धरणारा.

उघड्यावरच्या चुलीची धग चारी बाजूंना निघून जाते. सांदीत ती तीन भिंतींवर आपटून पुन्हा तिथंच साचते. मागच्या थंडीत एका घरी अशीच चूल पाहिली. शेजारच्या खोलीत प्लायवूडचं पार्टिशन, वरून सनमायका. सनमायका फुगला होता. कड उचकटून पाहिली तर आतला प्लाय तपकिरी होऊन कुरकुरीत झाला होता, बोटानं भुगा पडत होता. रोज तापून तापून लाकूड असं होतं, मग ते पेटायला ज्वाळाही लागत नाही. अमेरिकेत लाकडाच्या शेगडीपासून जळणारी कुठलीही वस्तू 36 इंच लांब ठेवण्याचा दंडक आहे. साडेतीन फुटांच्या सांदीत दोन्ही बाजूंना 36 इंच आणायचे कुठून? म्हणून मी आधी प्लाय काढायला लावतो. निदान चुलीच्या बाजूनं पत्रा लावा, पण भिंतीला चिकटवून नाही. मधे इंचभर पोकळी ठेवा, पत्रा खालून आणि वरून मोकळा सोडा, म्हणजे गरम हवा वर निघते आणि मागची भिंत थंड राहते.

मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती सिलिंडरची. जागा नाही म्हणून तोही त्याच सांदीत, चुलीपासून हातभर अंतरावर. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. नळी गळली तर तो वर जात नाही, जमिनीलगत पसरतो. चूल जमिनीवरच असते. राखेतला एक निखारा पुरतो. ही दोन्ही एका सांदीत नकोतच, कितीही अडचण असली तरी.

धुराड्याला लोक नाही म्हणतात, कारण पत्र्याला भोक पाडलं की पावसाळ्यात गळतं. ते खरं आहे, पण दोष भोक पाडणाऱ्याचा. भोकाभोवतीच्या पत्र्याच्या कॉलरची वरची कड वरच्या पत्र्याखाली सरकवायची, खालची कड खालच्या पत्र्यावर येऊ द्यायची, पाणी वरून वाहून जातं. पाइप पत्र्याच्या वर निदान तीन फूट न्यावा. खाली वळणाच्या जागी झाकणाचा टी लावावा, म्हणजे काजळी झाडता येते. सरकारच्या सुधारित चूल कार्यक्रमात 2002 पर्यंत देशात तीन कोटींहून जास्त चुली बसवल्या गेल्या. त्यांतल्या कितीतरी चुलींची धुराडी काजळीनं तुंबली, साफ कशी करायची ते कुणी दाखवलं नाही, मग बायांनीच ती काढून टाकली. धुराडं तुंबलं आणि थंडीत दारं-खिडक्या बंद केल्या की कार्बन मोनॉक्साइड घरातच राहतो. त्याला ना वास, ना रंग. आत बसलेल्याला डोकं जड झालं एवढंच कळतं.

सरकारच्या ग्रामीण घरकुल योजनेतल्या 25 चौरस मीटरमध्ये स्वच्छ स्वयंपाकाची जागा धरलेली आहे. त्याच्याच नकाशावर चुलीचा चौकोन, धुराड्याचं भोक आणि समोरासमोर दोन झरोके दाखवा. शहरालगत महापालिकेच्या नकाशांतही दाखवा. पाया खणताना चार ओळी जास्त आखायला मला काही खर्च येत नाही. पत्रे चढल्यावर तेच काम करायचं तर भिंत फोडावी लागते, आणि तेवढे पैसे घरमालकाकडे उरलेले नसतात.