मागचा दरवाजा

उपनगरांतील जुन्या बंगल्यांचे कौतुक अलीकडे फार चालले आहे. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड येथील जे थोडे बंगले बिल्डरांच्या तावडीतून सुटले, त्यांच्या व्हरांड्यांवर आणि कौलांवर वारसाप्रेमी मंडळी लेख लिहितात. लिहोत बापडी! परंतु बंगल्याच्या मागे कोणी जात नाही. तेथे कुंपणाला चिकटून नोकरांच्या खोल्यांची बुटकी ओळ असे आणि संडासाला बाहेरून उघडणारा दरवाजा असे. तो दरवाजा वाऱ्यासाठी नव्हता. मैला नेणाऱ्याचे पाऊल घरात पडू नये म्हणून तो होता. शहरातील माळ्यांच्या इमारतींत हेच काम मागच्या लोखंडी गोल जिन्याने व घरगल्लीने केले. या सेवेसाठी म्युनिसिपालिटी हलालखोर कर वसूल करी. पैसा घरमालकाचा, टोपली मात्र मेहतर बांधवाच्या डोक्यावर!

कोणी म्हणेल, ही रीत गोऱ्या साहेबाच्या बंगल्यातून आली. आली असेल. साहेबाला नोकर दूर हवा होता. दूर ठेवण्याचे शास्त्र त्याला येथे आयतेच मिळाले.

त्याच उपनगरांत, बोरिवलीच्या डोंगरात, कान्हेरीची शंभरांहून अधिक लेणी आहेत. भिक्खूची खोली, दगडी ओटा, जवळ पाण्याची पोढी. संघातील ज्येष्ठता दीक्षेच्या दिवसावरून ठरे, जातीवरून नव्हे. म्हणूनच आधी दीक्षा घेतलेल्या उपाली न्हाव्यापुढे शाक्य राजपुत्रांना वाकावे लागले.

१९५० साली संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. १९९३ च्या कायद्याने टोपलीचे संडास बेकायदा ठरले. पण मागचा जिना मेला नाही, तो विजेवर चालू लागला! कित्येक टॉवरांत घरकामगारांनी व सामानाने वेगळ्या लिफ्टने जावे, अशी पाटी असते. माणूस आणि सिमेंटची गोणी एकाच ओळीत!

सवर्णांना बोल लावून आपली सुटका होत नाही. आपल्यातीलही अनेक कुटुंबे आज अशा इमारतींत राहतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत सर्व माणसांना समान मानण्याची प्रतिज्ञा आहे. मग आपल्या स्वयंपाकघरात कामवाल्या बाईचा कप वेगळा का? तो कप आजच इतर कपांत मिसळा. आणि सोसायटीच्या पुढील सर्वसाधारण सभेत लिफ्टची पाटी काढण्याचा ठराव लेखी मांडा. अनुमोदक न मिळाल्यास तेही इतिवृत्तात नोंदवून घ्या.