पाण्यात उतरण्याआधी लेन्स काढा

शिरोळ तालुक्यात डोळ्यात कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्या सगळ्यांना आणि त्यांच्या घरच्यांना एक कळकळीची विनंती आहे. लेन्सला पाणी लागू देऊ नका. नदीचं, विहिरीचं, नळाचं, फिल्टरचं, कुठलंच नको.

आपला मुलूख पाण्याचा. नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेचा संगम आहे. पावसाळ्यात दक्षिणद्वार सोहळा झाला की स्नानासाठी गर्दी लोटते. उन्हाळ्यात विहिरींवर पोरं पोहायला शिकतात. चष्मेवाला माणूस पाण्यात उतरताना चष्मा काठावर काढून ठेवतो. लेन्सचं तसं होत नाही. ती डोळ्यात असल्याचं भानच राहत नाही आणि माणूस तसाच बुडी मारतो.

अकँथअमीबा नावाचा एक सूक्ष्म जीव नदीत, विहिरीत, टाकीत आणि नळाच्या पाण्यातही राहतो. एरवी तो आपल्याला काही करत नाही. लेन्सला मात्र तो चिकटतो आणि लेन्सखाली बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात शिरतो. हा पडदा मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. अमीबा स्वतःभोवती टणक कवच करून बसतो, त्यामुळे क्लोरीनला दाद देत नाही आणि औषधालाही लवकर बधत नाही. उपचार महिनोन्‌महिने चालतात. बरं झाल्यावरही डोळ्यात फूल पडून नजर अधू होऊ शकते.

म्हणून अंघोळीआधी, नदीवर जाण्याआधी, तोंडावर पाणी मारण्याआधी लेन्स काढा. लेन्सचं सोल्यूशन संपलं म्हणून लेन्सची डबी मोरीतल्या नळाखाली धरू नका. घरी मिठाचं पाणी करून तर मुळीच वापरू नका. १९८०च्या दशकात अमेरिकेत या अमीबाचे रुग्ण वाढले, तेव्हा त्यातले अनेक जण मिठाच्या गोळ्या विरघळवून घरीच केलेलं पाणी लेन्ससाठी वापरत असल्याचं आढळलं.

लेन्स हाताळण्याची पद्धत सोपी आहे. हात साबणाने धुवा आणि पूर्ण कोरडे करा. लेन्स तळहातावर घ्या, त्यावर सोल्यूशनचे थेंब टाका आणि बोटाने दोन्ही बाजू हलक्या हाताने चोळा. मग सोल्यूशननेच धुवा. डबीतलं कालचं सोल्यूशन ओतून टाका, त्यातच नवीन भर घालू नका. रिकामी डबी सोल्यूशनने विसळा, स्वच्छ कागदाने पुसा आणि पालथी घालून वाळू द्या. दर तीन महिन्यांनी नवीन डबी घ्या. रोज फेकायची लेन्स असेल तर ती रोज फेका, दुसऱ्या दिवसासाठी जपून ठेवू नका.

बरेच जण म्हणतात, ‘मला तर काहीच त्रास होत नाही.’ आराम महत्त्वाचा आहेच. लेन्सवर जगभर जे संशोधन चालतं त्यातही आरामाला मोठी जागा आहे. लेन्स घालताना, दुपारी आणि संध्याकाळी डोळ्याला कसं वाटतं, याला लोकांकडून गुण मागतात. संध्याकाळी डोळे कोरडे पडतात म्हणून अनेक जण लेन्स सोडतात, हेही अशा अभ्यासांतून कळलं. पण आराम वेगळा आणि सुरक्षितपणा वेगळा. डोळ्यात ओलावा टिकवण्याचं वचन देणारं ‘रेन्यू विथ मॉइश्चरलॉक’ हे सोल्यूशन बुरशीच्या संसर्गाशी जोडलं गेलं आणि बॉश अँड लाँब कंपनीने मे २००६मध्ये ते जगभरातून मागे घेतलं.

लेन्स घालून झोपण्याचंही तसंच आहे, त्रास जाणवला नाही तरी धोका असतोच. २००८ साली ऑस्ट्रेलियातला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. मऊ लेन्स फक्त दिवसा घालणाऱ्या १०,००० जणांमागे वर्षाला सुमारे दोघांच्या बुबुळाला संसर्ग झाला होता. लेन्स घालून झोपणाऱ्यांत हा आकडा सुमारे २० होता. जास्त प्राणवायू जाऊ देणाऱ्या नव्या सिलिकॉन हायड्रोजेल लेन्सनेही झोपेतला हा धोका कमी केला नाही. तेव्हा रात्रीच्या गाडीने पुण्या-मुंबईला निघालात तर लेन्स काढूनच पाठ टेका.

आता शेताचं. उसाचा पाला काढताना, तोडणीला, फवारणीला लेन्स घालून जाऊ नका. चष्मा घाला. उसाचं धारदार पान डोळ्याला लागलं तर त्या ओरखड्यातून बुरशी आत शिरू शकते. अशा वेळी डोळा चोळू नका. त्यात दूध, मध, एरंडेल घालू नका. मेडिकलमधून विचारून आणलेले थेंबही टाकू नका. त्यात स्टेरॉइड असेल तर लाली उतरते, बरं वाटतं आणि आत बुरशी फोफावते. फवाऱ्याचं औषध डोळ्यात गेलं तर मात्र नियम उलटा. तेव्हा क्षणभरही न थांबता भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धूत राहा, धुता धुता लेन्स काढा आणि थेट दवाखाना गाठा.

लग्नसराईत आणखी एक जपा. नवरीला मेकअपसोबत रंगीत लेन्स घालतात. नंबर नसला तरी ती लेन्सच आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या, सीलबंद नवीनच वापरा. मैत्रिणीची किंवा पार्लरमधली, आधी कुणी घातलेली लेन्स घालू नका.

डोळा लाल झाला, दुखला, उजेड सहन होईना किंवा धूसर दिसू लागलं, तर आधी लेन्स काढा. ‘डोळे आलेत, होतील बरे’ म्हणून दिवस घालवू नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. लेन्स आणि डबी बरोबर न्या, त्यातून जंतू कोणता ते शोधता येतं. लेन्स घालून झोपलो, नदीत उतरलो, थेंब टाकले, काय केलं असेल ते डॉक्टरांना खरं सांगा. त्यावरून निदान लवकर होतं.

आणि एक चष्मा, चालू नंबरचा, घरी कायम ठेवा. चष्मा हाताशी असला की लेन्स काढायला कुणी मागेपुढे पाहत नाही.