समुद्र बघायला कुणाची परवानगी लागते?



डिसेंबरात मी आणि माझी बायको मोटरसायकलवर संग्रामपूरहून कोकणात जाऊन आलो. अलिबाग, मुरूड, आगरदांड्याहून फेरीबोटीनं दिघी, मग श्रीवर्धन, बागमांडल्याला पुन्हा बोट आणि पलीकडे मंडणगड तालुका. परत आल्यावर एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी चारचौघांत सुनावलं, "वर्गणीला पैसे नसतात, हिंडायला बरे असतात!"

त्यांचा आदर आहे. म्हणणं मान्य नाही. आणि असं बोलणारे ते एकटे नाहीत, म्हणून लिहितोय.

आमच्या तालुक्यातल्या बहुतेक बौद्ध माणसांनी समुद्र पाहिला तो ६ डिसेंबरला, दादर चौपाटीवर. शेगावहून जनरल डबा, रात्रभर उभं राहणं, चैत्यभूमीची रांग, आणि परत. माझी आई कितीतरी वेळा जाऊन आली. पाण्यात पाय सोडून घटकाभर बसली नाही. खारं पाणी आम्हाला नवं नाही. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात विहिरीला तेच लागतं, आणि किडनीच्या आजारानं कित्येक घरं बसली. खाऱ्या पाण्याकडे नुसतं बघत बसणं तेवढं आमच्या वाट्याला आलं नव्हतं.

फिरणं म्हणजे चैन, असं म्हणणाऱ्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' पुन्हा वाचावं. पहिलीच आठवण १९०१ च्या प्रवासाची. वडिलांना भेटायला निघालेली पोरं मसूर स्टेशनवर उतरतात, जात कळताच गाडीवाले नाही म्हणतात, दुप्पट भाडं देऊन बैलगाडी मिळते तीही स्वतः हाकायची. १९३४ मधली आठवण तर सरळ सहलीची आहे. बाबासाहेब सहकाऱ्यांसोबत दौलताबादचा किल्ला बघायला गेले, तिथल्या हौदावर हातपाय धुतले, आणि हौद बाटवला म्हणून गर्दी अंगावर आली. किल्ला दाखवला तो पाण्याला हात लावू नये म्हणून सोबत शिपाई देऊन. बाबासाहेबांना ते क्षुल्लक वाटलं असतं तर त्यांनी लिहून ठेवलं नसतं.

आता आमचं ऐका. किनाऱ्यावरच्या एका गावात घरगुती मुक्कामासाठी फोन केला. खोली आहे, या म्हणाले. मग आडनाव विचारलं. मग, "थांबा हं, बघून सांगतो." पाच मिनिटांनी खोली भरली होती! बायकोनं तिच्या फोनवरून भलतंच आडनाव सांगून विचारलं, तर खोली रिकामी. १९२३ च्या बोले ठरावात पाणवठ्यांबरोबर धर्मशाळांचाही उल्लेख होता. संविधानाच्या कलम १५ (२) मध्ये हॉटेलं आणि करमणुकीच्या जागा आहेत. हे कलम वापरायचं कुणी? जो घरीच बसलाय, त्याला ते कधी लागणारच नाही.

आणि तो किनारा परका कसा? माता रमाईंचं माहेर वणंद, दापोलीजवळ. त्यांचे वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरावर माशांच्या पाट्या वाहायचे. बाबासाहेब आणि रमाईंचं लग्न १९०६ मध्ये भायखळ्याच्या बाजारात लागलं, बाजार उठल्यावर. आंबडवे मंडणगड तालुक्यातच. बागमांडल्याची बोट ज्या खाडीतून जाते ती सावित्रीची, आणि वर त्याच सावित्रीकाठी महाड. पर्यटनाच्या जाहिरातीत हे नसतं, तिथे नारळ आणि सूर्यास्त. दाभोळला बायको म्हणाली, पाट्या वाहणाऱ्याला हा समुद्र सुंदर दिसत असेल का? मला उत्तर सुचलं नाही.

ज्येष्ठांचं एक मात्र खरं. आपली काही पोरं महाडवरून सुसाट जातात, चवदार तळ्यावर थांबत नाहीत, आणि हप्त्यावरच्या गाडीचा फोटो टाकतात. त्यांना बोला, जरूर बोला. पण फिरूच नका असं सांगाल, तर ती मनाई आपल्यावर आधी कुणी घातली होती ते आठवा.

आम्ही २५ डिसेंबरला महाडात होतो. १९२७ साली याच तारखेला तिथे मनुस्मृती जाळली. तळ्याच्या पायऱ्यांवर खूप वेळ बसलो, काही बोललो नाही.

उन्हाळ्यात आईला नेणार आहे, या वेळी एसटीनं. वर्गणीचे पैसे बाजूला काढून ठेवलेत. ज्येष्ठांनी घरी यावं, चहा घ्यावा आणि पावती फाडावी.