म्हातारी मरत नाही, पण काळ सोकावतो

आमच्या मेहुण्यांचा सल्ला फुकट असतो. खर्च येतो तो ऐकल्यावर. आजवर त्यांच्या सल्ल्याने मी एक शिवणयंत्र, दोन पंखे आणि एक उत्तम चालणारा रेडिओ भंगारात घातला आहे. 'भावोजी, जुन्यात जीव अडकवू नये. नवं घ्यावं आणि सुखी व्हावं,' हे त्यांचं तत्त्वज्ञान. त्यांच्या घरातली कुठलीही वस्तू मी सलग दोन दिवाळ्यांना पाहिलेली नाही. अपवाद एकट्या वहिनींचा, आणि तोही वहिनींच्या दराऱ्यामुळे.

तर अशा या मेहुण्यांशी माझा उभा दावा झाला तो एका होडीवरून.

आता मी डोंबिवलीचा माणूस. बँकेत पस्तीस वर्षं दुसऱ्यांचे पैसे मोजून निवृत्त झालेला. पाण्याशी माझा संबंध सकाळी नळ येण्यापुरता. पण आमचं मूळ गाव देवगड तालुक्यात, खाडीच्या काठी. तिथे राहणाऱ्या थोरल्या बंधूंनी, म्हणजे अण्णांनी, १९९८ साली गावच्या तांडेलाबरोबर भागीदारीत फायबरची होडी घेतली. सव्वीस फुटी, मागे टांगायचं इंजिन. पैसे अण्णांचे, कष्ट तांडेलाचे आणि मासळी दोघांची, असा करार. पुढे तांडेलाची नजर गेली, पाठोपाठ अण्णा गेले, आणि होडी माडांखाली जी पडली ती पडलीच. तिने तिथे सहा पावसाळे काढले. गावातल्या एका कुत्रीची दोन बाळंतपणं तिच्यात सुखरूप झाली.

त्या दिवाळीत आम्ही गावी गेलो तेव्हा तांडेलाचा पुतण्या आला. 'काका, होडी पडून आहे. दुरुस्त करून दिलीत तर मी चालवीन. भागीदारी पूर्वीचीच,' म्हणाला. मेहुणे सोबत होते. त्यांनी होडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, बोट फिरवून पाहिलं. जेलकोटाची, म्हणजे वरच्या गुळगुळीत थराची, खडूसारखी भुकटी बोटाला लागली. 'संपली! भंगारात द्या आणि त्याला नवी घ्यायला सांगा.'

भंगारवाल्याला बोलावलं. त्याने होडी पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला, 'लोखंड किती?' दोन कड्या आणि मूठभर बोल्ट दाखवले. त्याने तेवढे मागितले. 'आणि बाकीची होडी?' म्हटलं. तो म्हणाला, 'नेतो की. नेण्याचे पैसे तुम्ही द्या, आणि टाकू कुठे तेही तुम्हीच सांगा.' वाचकहो, ज्या देशात रद्दीवाला लग्नपत्रिकासुद्धा वजनावर घेतो, त्या देशात एका वस्तूला भंगारातही भाव नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

म्हाताऱ्या तांडेलाला विचारलं. त्यांना आता फक्त उजेड-अंधार कळतो. होडीच्या कडेवर हात ठेवून ते म्हणाले, 'भाऊनू, लाकडाची होडी म्हातारी होता आणि मरता. ही फायबराची नुसती म्हातारी होता. मराची नाय.'

मला वाटलं, तांडेल भावुक झाले. नाही हो. हे शुद्ध रसायनशास्त्र होतं.

लाकडाची होडी काय करते? तिला काजूच्या टरफलाचं तेल पाजा, फटींत कापूस ठोका, तरी एक दिवस ती कुजते. मग तिचे खिळे निघतात, फळ्यांचं कुंपण होतं, उरलेलं चुलीत जातं. चार माणसं जातात तशी जाते. फायबरचं तसं नाही. काचेच्या बारीक तंतूंची चटई रेझिनमध्ये भिजवायची, थरावर थर द्यायचे, की ते रेझिन घट्ट होतं. एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही. मेणबत्ती वितळवून पुन्हा मेणबत्ती करता येते; उकडलेल्या अंड्याचं पुन्हा कच्चं अंडं करता येत नाही. फायबरची होडी म्हणजे सव्वीस फुटी उकडलेलं अंडं! जाळावी तर विषारी काळा धूर, तोडावी तर काचेचा चुरा, आणि सोडून द्यावी तर ती उन्हापावसात झिजत झिजत कण कण करून खाडीत उतरणार. म्हणजे शेवटी बांगड्याच्या पोटात, आणि तिथून आमच्या.

'म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो' अशी आपल्यात म्हण आहे. इथे म्हातारी मरतच नाही, तरी काळ सोकावतो आहे. त्या संध्याकाळी खाडीच्या काठाने फिरलो. एरवी मी सूर्यास्त बघतो. त्या दिवशी होड्या मोजल्या. तिवरांत रुतलेली एक, गटाराच्या तोंडाशी एक, आणि एका होडीत कुणीतरी भाजीच्या कुंड्या ठेवलेल्या. प्रत्येकीच्या मालकाने कधीतरी कुठल्यातरी मेहुण्याचा सल्ला ऐकला असणार.

नव्या होडीला माझा विरोध नाही. २०२० पासूनच्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत पारंपरिक मच्छिमाराला जुनीच्या बदली होडी घ्यायला मदत मिळते. मिळावीच. समुद्रात जीव घालणाऱ्याला चांगली होडी हवी. माझं म्हणणं एवढंच, की 'बदली' हा शब्द आम्ही सरकारी नोकरीतल्यासारखा वापरतो. साहेबांची बदली झाली की साहेब निदान दुसऱ्या गावी जातात. बदललेली होडी कुठे जाते? फ्रान्ससारख्या देशात २०१९ पासून नव्या सैरीच्या होडीच्या किमतीतच जुन्या होड्या मोडीत काढण्याची वर्गणी घेतात. पण तिथेही त्या उकडलेल्या अंड्याचं कच्चं अंडं होत नाही. तेव्हा जी वस्तू मरणार नाही असं ठाऊक असताना आपण ती जन्माला घातली, तिला वापरात ठेवणं ही हौस नव्हे, जबाबदारी आहे. मेहुण्यांना हे सांगितलं. ते म्हणाले, 'मग रंग मारा आणि द्या त्याला!'

आणि खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात तेच होतं. निळा रंग, लाल पट्टा, नाळेवर दोन डोळे, की झाली होडी नवी! पण पुतण्याने मालवणकडचा एक फायबरवाला आणला. तिशीचा पोरगा. त्याने खिशातून रुपयाचं नाणं काढलं आणि होडीला ठकठक करत फिरू लागला, डॉक्टर छाती ठोकून बघतात तसा. टण, टण, टण. अंगभर टण. थर एकमेकांना धरून होते. मग तो मागे गेला, जिथे इंजिन टांगतात त्या फळीकडे. भद्द.

'काका, ऐकलंत?' तो म्हणाला. त्याने आतला फायबर कापून काढला. ही मागची फळी म्हणजे दोन फायबरच्या मध्ये प्लायवूड, सँडविचसारखं. इंजिनाच्या बोल्टांच्या भोकांतून वर्षानुवर्षं पाणी आत झिरपलं होतं. बाहेरून फळी ताठ, आणि आत काळा, ओला, चहाच्या चोथ्यासारखा लगदा. बोटाने निघत होता. याच फळीवर पुतण्या इंजिन टांगणार होता, आणि समुद्रात दोन-तीन मैल आत, लाटेवर होडी आपटत असताना इंजिन फळीसकट खाली गेलं असतं. आणि वर माझा निळा रंग! त्या पोराचं अजून लग्न व्हायचं आहे. मी तिथेच होडीच्या सावलीत बसून घेतलं.

तेव्हापासून माझ्या मते मेहुण्यांपेक्षा घातकी पंथ रंग मारणाऱ्यांचा. टाकून देणारा निदान उघड टाकतो. रंग मारणारा कुजकी फळी दुसऱ्याच्या गळ्यात बांधतो आणि वर पेढे मागतो.

पुढचे दोन महिने मी डोंबिवलीला गेलोच नाही. डिसेंबरभर होडी नुसती वाळवली. जानेवारीत घासकाम. फायबर तुटला असेल बोटभर, पण घासायचं वीतभर; जाडी असेल त्याच्या बारापट लांबीचा उतार काढला तरच नवा थर जुन्याला धरतो. त्या घासण्याची धूळ म्हणजे खाजकुयली! नाकावर मास्क, डोळ्यांना चष्मा, अंगात अण्णांचा जुना रेनकोट, आणि वरून ऊन. घरी येऊन ऊन पाण्याने आंघोळ केली ती चूक पहिल्याच दिवशी केली. आधी गार पाणी घ्यायचं, हे नंतर कळलं.

मग रेझिन. किलोला दहा ते वीस ग्रॅम हार्डनर. कमी पडला तर घट्ट होत नाही, जास्त पडला तर डोकं फिरतं. रेझिनमध्ये कोबाल्ट आधी कालवायचा, हार्डनर अगदी शेवटी. दोघांची थेट गाठ घालून दिली तर भडका उडतो. आमच्याकडे लग्नकार्यात काही नातेवाइकांना असंच वेगवेगळ्या पंक्तींना बसवावं लागतं. मी उत्साहाच्या भरात एकदा अंदाजपंचे हार्डनर ओतला. रेझिन तापलं, धुरावलं आणि आमच्या हिच्या स्टीलच्या तपेलीत कायमचं वास्तव्याला आलं. 'अहो, निदान झाकण तरी वाचवायचं!' ही म्हणाली. ती तपेली आता दाराला अडसर म्हणून लावतो. ती कुजणार नाही.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र मनाला लागली. पुतण्याला विचारलं, 'बाकीचे लोक का करून घेत नाहीत रे दुरुस्ती?' तो म्हणाला, 'कधी करणार? जून-जुलैला मासेमारी बंद, होड्या रिकाम्या. पण तेव्हा पाऊस. ओल्या चटईला रेझिन धरत नाही. आणि कोरड्या दिवसांत होडी ओढून वर ठेवली तर खायचं काय?' म्हणजे बघा! ज्या दोन महिन्यांत माणसाला सवड, त्या दोन महिन्यांत डोक्यावर छप्पर नाही. आम्ही मध्यमवर्गीय लोक घरबसल्या म्हणतो, 'या लोकांना जुन्याची कदर नाही.' कदर आहे हो. शेड नाही! खाडीखाडीला एक उंच छप्पर, कोरडी जमीन, विजेचा एक जोड आणि नाणं वाजवता येणारा एक पोरगा, एवढं बांधा. मग बघा किती म्हाताऱ्या पुन्हा पाण्यात उतरतात. सगळ्या उतरणार नाहीत. जिच्या अंगभर भद्द वाजतं, तिच्यात आणखी पैसे घालू नयेत, हेही त्या फायबरवाल्यानेच सांगितलं. पण आधी वाजवून तर बघा!

खर्च? नव्या होडीपेक्षा पुष्कळ कमी आणि माझ्या अंदाजापेक्षा पुष्कळ जास्त. मेहुण्यांनी हिशेब मागितला तेव्हा मी त्यांच्या गुडघ्यांकडे पाहिलं. तीन वर्षांपूर्वी त्यांनी दोन्ही गुडघे बदलून घेतले. तेव्हा वहिनींना कुणी 'हे भंगारात द्या, नवे आणा' असा सल्ला दिला नव्हता. खराब तेवढं काढलं, चांगलं ठेवलं, आणि हे गृहस्थ आता माडांच्या बागेतून तरातरा चालत माझ्याशी वाद घालतात. मी एवढंच बोललो. मेहुणे बराच वेळ काही बोलले नाहीत. वहिनी मात्र हसल्या.

शिमग्याच्या आठ दिवस आधी होडी पाण्यात गेली. नारळ तांडेलांनी फोडला. ढकलण्याआधी त्यांनी चाचपत चाचपत मागची फळी गाठली आणि बोटाच्या पेराने वाजवली. टण. 'चला,' म्हणाले.

शिमग्याला मेहुणे सहकुटुंब आले. दुपारी पानात बांगडे होते. दुसरा बांगडा संपवून त्यांनी विचारलं, 'ताजे आहेत हो. कुठल्या होडीचे?'

'जुन्या,' मी म्हटलं.

त्यांनी ऐकलं न ऐकलंसं केलं आणि तिसरा बांगडा वाढून घेतला.