सगळं ‘इन्क्ल्युडेड’, मग हे बिल कसलं?

मंडळी, आज जरा स्पष्टच लिहितो. सिझन जवळ आलाय आणि युरोप क्रूझच्या जाहिरातींनी पेपर आणि मोबाईल दोन्ही भरलेत. बार्सिलोना, मार्सेय, जिनोआ, नेपल्स. सात रात्री, राहणं-जेवण, ‘सगळं इन्क्ल्युडेड’. जाणारे कोण? आपलेच लोक. रिटायर झालेले सर आणि बाई, झेडपीतले, एसटीतले, द्राक्षात दोन पैसे झालेले शेतकरी. आयुष्यभर अष्टविनायक आणि फार तर चारधाम केलेली माणसं. त्यांनी जावं, जरूर जावं. कुणाच्या हौसेला माझा विरोध नाही.

विरोध आहे तो लपवाछपवीला. लाखोंचं पॅकेज विकताना विमानात सामान किती किलो, थेपले न्यायचे का, हे तासभर समजावतात. पण तिकडे पैसे कसे द्यायचे, कुठलं कार्ड न्यायचं, कोण किती कापणार? त्यावर एकच वाक्य. ‘थोडे युरो घ्या, बाकी कार्ड चालतं.’ जाऊन आलेल्या दोन-तीन जणांची बिलं मी बघितली. वाचून एवढंच कळलं की हा विसरभोळेपणा नाही. न सांगण्यात कुणाचा तरी फायदा आहे.

जहाजापासून सुरू करू. बहुतेक क्रूझ जहाजांवर रोख चालतच नाही. चढताना एक कार्ड मिळतं. तीच खोलीची किल्ली आणि तेच पाकीट. त्याला तुमचं बँकेचं कार्ड जोडतात नाहीतर रोख अनामत घेतात. मग कॉफी, शीतपेय, वायफाय, फोटो, बंदरावरची सहल, सगळं नुसतं कार्ड दाखवून. खिशातून नोट निघत नाही, म्हणून खर्च जाणवत नाही. बिल कळतं ते शेवटच्या रात्री.

त्या बिलात एक ओळ असते, सर्व्हिस चार्ज किंवा ग्रॅच्युइटी. आपल्याकडे ग्रॅच्युइटी म्हणजे तीस-पस्तीस वर्षं घासल्यावर हातात पडणारी रक्कम. तिथे ती दररोज, दरमाणशी, आपोआप खात्यातून कापली जाते. आकडा कंपनी आणि खोलीनुसार बदलतो. समजा दिवसाला १२ युरो धरले, तर दोघांचे सात रात्रींचे १६८ युरो. हिशेबाला सोपं म्हणून एक युरो शंभर रुपयांचा धरा, झाले १६,८०० रुपये. काही पॅकेजमध्ये हे आधीच भरलेलं असतं, काहींत नसतं. तुमच्यात आहे की नाही, हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. जहाजावरच्या कामगाराला त्याचा मोबदला मिळालाच पाहिजे, वाद त्याचा नाही. वाद ‘सगळं’ या शब्दाचा आहे.

आता चलनाचा घोळ. लोक युरोपला जायचं म्हणून फॉरेक्स कार्डावर युरो भरतात. पण अमेरिकन कंपन्यांच्या बऱ्याच जहाजांवर, जहाज भूमध्य समुद्रात असलं तरी, हिशेब डॉलरमध्ये होतो. म्हणजे रुपयाचे युरो करताना एकदा कापलं, युरोचे डॉलर करताना पुन्हा कापलं. शिवाय जहाजाच्या खात्याला फॉरेक्स किंवा डेबिट कार्ड जोडलं की ते आधीच काही रक्कम अडकवून ठेवतात, आणि ती सुटायला कधी कधी बरेच दिवस लागतात. पैसे तुमचेच, पण नेपल्सला उतरल्यावर वापरता येत नाहीत.

त्यात प्रत्येक बंदर युरोचं नाही. क्रोएशियाने १ जानेवारी २०२३ पासून युरो घेतला, माँटेनेग्रोतही युरोच चालतो. पण तुर्कस्तानात लिरा, नॉर्वे-डेन्मार्क-स्वीडनमध्ये प्रत्येकाचा वेगळा क्रोन. चार तासांच्या मुक्कामासाठी नोटा बदलून घेतल्या की उरलेली चिल्लर घरच्या डब्यात जाते. नाणी आपल्याकडे सहसा कुणी परत घेत नाही.

सगळ्यात मोठी मखलाशी मात्र दुकानातल्या मशीनवर होते. कार्ड लावलं की पडद्यावर विचारतात, युरोत देणार की रुपयात? आपला माणूस रुपया बघून सुखावतो आणि तेच बटण दाबतो. तिथेच फसतो. तो दर बँकेचा नसतो, मशीनवाल्याने ठरवलेला असतो आणि त्यात त्याचा नफा धरलेला असतो. वर आपल्याकडच्या काही बँका परदेशात रुपयात झालेल्या व्यवहारावरही वेगळं शुल्क लावतात. निवडीचा हक्क ग्राहकाचा आहे, दुकानदाराने परस्पर बटण दाबायचं नाही. म्हणून ठाम सांगायचं, युरोत घ्या. एटीएमवरही तेच, त्याचा रुपयाचा दर नाकारायचा.

आणि आपल्या बँका? बऱ्याच क्रेडिट कार्डांवर परदेशी खर्चाला साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप लागतो, त्यावर १८ टक्के जीएसटी. १०० युरोच्या खरेदीला, म्हणजे दहा हजारांना, ३५० अधिक ६३, एकूण ४१३ रुपये. मार्कअप नसलेली किंवा कमी असलेली कार्डंही बाजारात आहेत. पण काउंटरवरचा साहेब तुम्हाला विमा विकेल, हे सांगेल का?

अजून एक. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवीन कार्ड फक्त देशातल्या वापरासाठी सुरू करून मिळतं. परदेशी वापर आपण ॲपमधून किंवा बँकेत जाऊन चालू करायचा. नियम चांगलाच आहे. पण तो न सांगता माणसाला विमानात बसवलं, तर चेक-इनच्या रांगेत कार्ड नाकारल्यावर सगळ्या ग्रुपसमोर त्याची मान खाली जाते. ती भरपाई कोण देणार?

‘यूपीआय आता युरोपात चालतं’ हा फॉरवर्ड तुमच्याकडेही आला असेल. फेब्रुवारी २०२४ मध्ये पॅरिसच्या आयफेल टॉवरपासून फ्रान्समध्ये सुरुवात झाली, हे खरं. पण क्रूझ काही आयफेल टॉवरला लागत नाही. फोनपेच्या भरवशावर जिनोआत उतरू नका.

आता कुणीतरी लिहीलच, क्रूझला जाणाऱ्याला पाच-दहा हजारांचं काय एवढं? साहेब, ज्याने एकदाच जायचं म्हणून दहा वर्षं आरडी भरली, त्याला आहे. आणि प्रश्न रकमेचाही नाही. हाच माणूस मंडईत मेथीच्या जुडीला पाच रुपयांसाठी घासाघीस करतो. तिथे तो बोलतो, कारण भाव समोर असतो. इथे भाव लपवलेला असतो आणि विचारायची लाज वाटते. ‘अडाणी समजतील’ या भीतीवरच हा सगळा धंदा उभा आहे.

युरोपीय महासंघाने २०१९ मध्ये नियम केला. कार्डाच्या व्यवहारात चलन बदलताना किती जादा घेताय, ते युरोपियन सेंट्रल बँकेच्या दराशी तुलना करून टक्क्यांत दाखवा. हे त्यांच्या आपसातल्या चलनांसाठी, म्हणजे त्यांनी आपल्या माणसांची काळजी घेतली. आपल्या माणसाची काळजी निदान त्याला तिकीट विकणाऱ्याने आणि त्याचं खातं सांभाळणाऱ्या बँकेने घ्यावी, एवढीच मागणी आहे.

म्हणून बुकिंगचा चेक फाडण्याआधी टूरवाल्याकडून हे लेखी घ्या. जहाजाचा हिशेब कुठल्या चलनात? सर्व्हिस चार्ज धरलाय की नाही, नसेल तर किती? जहाजाच्या खात्याला कुठलं कार्ड चालेल आणि किती रक्कम अडकवतील? कुठल्या बंदरावर कुठलं चलन? टीसीएस किती कापला आणि त्याचं प्रमाणपत्र कधी मिळणार? हा शेवटचा प्रश्न पेन्शनरांसाठी फार महत्त्वाचा. टीसीएस इन्कम टॅक्सच्या रिटर्नमध्ये वळता होतो किंवा परत मिळतो, पण रिटर्नच भरलं नाही तर तो सरकारजमाच राहतो.

बँकेला एवढंच विचारा, मार्कअप किती? दोन वेगळी कार्डं न्या, एक खोलीतल्या तिजोरीत ठेवा. रोख थोडीच, तीही पाच-दहा-वीसच्या नोटांत. मोठी नोट छोटा दुकानदार घेत नाही. एका प्रवासात नोटांच्या रूपात ३,००० डॉलरइतकंच परकीय चलन नेता येतं, हेही ध्यानात असू द्या.

टूरवाला म्हणाला, ‘काका, टेन्शन घेऊ नका, आम्ही आहोत ना’, तर म्हणायचं, ‘आहात ना? मग सही करून द्या.’ जो सही करेल त्याच्याबरोबर खुशाल जा. जो हसण्यावारी नेईल, त्याच्या दुकानाची पायरी उतरा.

आपल्या गावातल्या प्रामाणिक टूरवाल्यांनी आणि बँकवाल्यांनी खाली येऊन बाजू मांडावी, मी उत्तर देईन. बाकीच्यांनी घरातल्या आई-वडिलांना हे मोठ्याने वाचून दाखवा.