नावाविना हजेरीपट

माहिती नाकारण्याची भाषा अलीकडे फार सुसंस्कृत झाली आहे. पूर्वी साहेब 'गोपनीय' असा शेरा मारत आणि गरज पडली तर १९२३ चा शासकीय गुपिते कायदा पुढे करत. त्यात निदान लपवाछपवी उघड दिसे. आता फाईल तीच, कपाट तेच, पण उत्तर येते: 'मागितलेली माहिती त्रयस्थ व्यक्तीची वैयक्तिक स्वरूपाची असल्याने देता येत नाही.' वाचून अर्जदारच ओशाळतो. जणू त्याने कोणाच्या न्हाणीघरात डोकावले होते.

१४ नोव्हेंबर २०२५ पासून या उत्तराला कायद्याचे भक्कम पाठबळ मिळाले आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे कलम ४४(३) त्या दिवशी लागू झाले आणि माहिती अधिकार कायद्यातले कलम ८(१)(ञ) पार छाटले गेले. आधी वैयक्तिक माहिती नाकारायची तर अधिकाऱ्याला कारण दाखवावे लागे: एक तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, किंवा ती दिल्याने कोणाच्या खासगी आयुष्यात नाहक घुसखोरी होते. त्यावरही व्यापक जनहित असेल तर ती द्यायचीच. शिवाय एक देखणे परंतुक होते. जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणाही व्यक्तीला नाकारायची नाही. म्हणजे माहितीपुरते तरी आमदार आणि त्याला मत देणारा मजूर एका रांगेत उभे. ते सगळे गेले. आता माहिती 'वैयक्तिक' आहे एवढे म्हटले की अधिकारी मोकळा.

दुरुस्तीचे समर्थक पुट्टस्वामी निकालाचा दाखला देतात. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, मग कायदा त्याप्रमाणे बदलायला नको का? प्रश्न रास्त आहे. फक्त त्याचे उत्तर २००५ सालीच दिलेले होते. खासगीपणाचे रक्षण जुन्या कलमात होतेच. सरन्यायाधीशांचे कार्यालय माहिती अधिकाराच्या कक्षेत येते असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१९ मध्ये ठरवले, तेव्हा पुट्टस्वामी निकाल त्याच्यासमोर होता. खासगीपणा आणि जनहित तोलून निर्णय करा, असे घटनापीठाने सांगितले आणि तोलायला जुने कलम पुरले. कलम अपुरे पडले म्हणून बदलले, असे म्हणायला काही आधार दिसत नाही. (खरे तर ही पायवाट २०१२ च्या गिरीश देशपांडे निकालातच पडली होती. सरकारी नोकराला दिलेले मेमो आणि त्याची मालमत्ता ही त्याची वैयक्तिक बाब ठरली आणि तेव्हापासून तो निकाल उत्तरांत ठोकळ्यासारखा वापरला जातो. संसदेने त्या पायवाटेचा हमरस्ता केला.)

दुसरे समर्थन अधिक चतुर आहे. म्हणे, कलम ८(२) शाबूत आहे. जनहित मोठे असेल तर माहिती आजही देता येते. देता येते, हे खरे. पण ८(२) म्हणते, सार्वजनिक प्राधिकरण माहिती 'देऊ शकेल'. न दिली तर? शिवाय माहिती कशासाठी हवी ते विचारायचे नाही, असे याच कायद्याचे कलम ६(२) बजावते. आता जनहित पटवून द्यायचे ओझे व्यवहारात अर्जदाराच्याच डोक्यावर येणार. म्हणजे कारण विचारले जाणार नाही, पण सांगितले नाही तर माहिती मिळणार नाही. आणि काय दडले आहे ते ठाऊक नसताना ते उघड करण्यात जनहित आहे हे त्याने दाखवायचे तरी कसे?

पण या दुरुस्तीचा खरा घाव जिथे बसतो ती जागा न्यायालयापासून फार लांब आहे. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ मध्ये केला आणि रोहयोबरोबर हजेरीपट हा शब्द गावोगाव गेला. हजेरीपटात असते काय? नाव, दिवस, मजुरी, अंगठा. पाझर तलावावर अमुक इतकी मजुरी वाटली, या आकड्यातून कोणाला काही कळत नाही. मजुरी कोणाच्या नावे निघाली हे कळले की मगच कोणीतरी उठून म्हणते, 'हा माणूस तर वारला की!' किंवा 'मी त्या महिन्यात ऊसतोडीला गेलो होतो.' राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये कोटकिराना गावी पहिली जनसुनावणी घेतली, तेव्हा हेच केले: सरकारी कागद मोठ्याने वाचून दाखवले. ज्यांची नावे कागदावर होती तीच माणसे समोर बसली होती. माहिती अधिकाराची मागणी तिथून उभी राहिली. नाव झाकले की तो कागद तपासता येत नाही. घरकुलाची यादी, रेशनकार्डांची यादी, ठेकेदाराचे देयक, बिनशेती परवानगीवरची सही, सगळीकडे नाव हाच पुरावा आहे.

आता खंडणीखोरांचा मुद्दा. माहिती मागवून बिल्डरला, ग्रामसेवकाला पिळणारे लोक आहेत. नाकारण्यात अर्थ नाही. खंडणीसाठी भारतीय न्याय संहितेत कलम ३०८ आहे, ते लावा. पण पिळणाऱ्याच्या हातातल्या कागदाला किंमत कशाने येते, हेही बघा. जो नकाशा कोणालाही फुकट बघता येतो तो दाखवून कोण कोणाकडून पैसे काढणार? माहिती दडवली की खंडणीखोराचा माल महाग होतो. कर्मचाऱ्यांच्या वेळेचा मुद्दाही असाच. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की ७५ टक्के कर्मचाऱ्यांचा ७५ टक्के वेळ माहिती पुरवण्यात जाऊ नये. प्रशिक्षणवर्गांत हे वाक्य आवडीने सांगतात. त्याच निकालाने विद्यार्थ्यांना स्वतःची उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क दिला, हे सांगायचे मात्र राहून जाते.

वेळ वाचवायचा उपाय कायद्यातच आहे. कलम ४ नुसार न मागता माहिती प्रसिद्ध करायची, त्यासाठी मुदत होती १२० दिवसांची. पुणे महापालिकेने सोमवारी दुपारी फायली नागरिकांपुढे खुल्या ठेवायला सुरुवात केली आणि २०१८ मध्ये राज्य शासनाने परिपत्रक काढून जिल्हा स्तरावरची कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना दर सोमवारी ३ ते ५ ही वेळ लावून दिली. अर्ज नको, अपील नको, आयोगाच्या तारखा नकोत. ती वेळ तालुक्यापर्यंत न्यावी आणि कार्यालयाच्या दारावर पाटी लावून पाळावी.

राहिला खासगीपणा, तर त्याची सोय कलम १० मध्ये पहिल्यापासून आहे: कागदातला न देण्याजोगा भाग वगळून बाकीचा द्यायचा. लाभार्थ्याचा आधार क्रमांक, बँक खाते, मोबाइल, आजाराचा तपशील यांवर जाड काळी पट्टी ओढावी, कोणाची तक्रार नाही. पण नाव, गाव, रक्कम आणि मंजुरी देणाऱ्याची सही पट्टीखाली जाता कामा नये, आणि त्यासाठी जुने ८(१)(ञ) परंतुकासह जसेच्या तसे परत आणले पाहिजे.