नेसायचे राहून गेले

'राहून गेले' या मराठी प्रयोगाची एक मोठी सोय आहे. 'मी केले नाही' म्हटले की कर्ता समोर उभा राहतो आणि त्याला जाब विचारता येतो. 'करायचे राहून गेले' म्हटले की कर्ता विरघळतो, उरते ती केवळ हळहळ. हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान उद्यानात बरीच वर्षे नोकरी करणारे माझे एक स्नेही धोतराविषयी बोलताना हाच प्रयोग वापरतात. स्वतःच्या लग्नात नेसायचे राहून गेले (विधीपुरते भटजींनी कमरेला गुंडाळून दिलेले सोवळे ते हिशेबात धरत नाहीत), धाकट्या बहिणीच्या लग्नात राहून गेले, पदवीदानाच्या वेळी तर सुचलेही नाही. कंपनीच्या कामासाठी ते दोन वर्षे ग्लासगोला होते. तेथील एका सहकाऱ्याच्या लग्नात नवरदेवासह बहुतेक पुरुष किल्टमध्ये आणि आमचे स्नेही काळ्या सुटात. तुमच्याकडचा पुरुषांचा पोशाख कोणता, असे कोणीतरी आस्थेने विचारले. यांनी धोतराचे साग्रसंगीत वर्णन केले. मग ते आज अंगावर का नाही, हा पुढचा प्रश्न ओघानेच आला.

ही हळहळ वरवर पाहता क्षुल्लक आहे. शिवाय ती एका विशिष्ट वर्गाची, परदेशी जाऊन आल्यावर जागी होणारी आहे, असेही कोणी म्हणेल. तरी तिच्यात विचार करण्याजोगे काही आहे असे मला वाटते.

किल्टचे उदाहरण आपल्याकडे फार भाबडेपणाने दिले जाते. त्यांनी परंपरा जपली, आपण सोडली, असा त्याचा सूर असतो. वास्तविक किल्टची परंपरा जपलेली कमी आणि जुळवलेली अधिक. १७४५ च्या जॅकोबाइट उठावानंतर ब्रिटिश संसदेने १७४६ साली कायदा करून हायलँडी पोशाखावर बंदी घातली. सैन्यातील पलटणींना तेवढी सूट होती. बंदी उठली १७८२ साली, म्हणजे रोज तो पोशाख करणारी पिढी मागे पडल्यावर. पुढे १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, तेव्हा त्याच्या स्वागताचा सारा थाट वॉल्टर स्कॉटने बेतला. खुद्द राजा किल्टमध्ये मिरवला, आणि सखल भागातील सुशिक्षित ज्याला डोंगरी रांगड्यांचे वस्त्र समजत, ते पाहता पाहता साऱ्या देशाचे झाले. एका कादंबरीकाराने राष्ट्राचा पोशाख ठरवला, हे वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. 'द इन्व्हेन्शन ऑफ ट्रॅडिशन' या १९८३ च्या ग्रंथात ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी तर आजचा आखूड किल्ट अठराव्या शतकात एका इंग्रज कारखानदाराने प्रचारात आणला, असे प्रतिपादन केले. त्यावर पुष्कळ वाद झाला. तो वाद कसाही सुटो, स्कॉटिश माणसाने किल्टला नेमके प्रसंग नेमून दिले, हे खरे. लग्न, पदवीदान, मेजवानी. त्या दिवशी वर कोट, खाली किल्ट, आणि घरी नसला तर भाड्याने मिळतो. उरलेले दिवस तो पाटलोणीतच असतो व त्याला त्याची खंत नसते.

वर कोट आणि खाली धोतर ही जोडणी आपणही एकेकाळी केली होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनची मराठी वकिलांची, शिक्षकांची, संपादकांची छायाचित्रे पाहावीत: वर बंद गळ्याचा कोट, डोक्यावर पगडी किंवा टोपी आणि खाली स्वच्छ धोतर. त्या मिश्रणात कोणाला काही विजोड वाटत नव्हते. महाराष्ट्र राज्याचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण धोतर नेसत. नंतर कचेरीत विजार आली, घरात पायजमा आला, आणि सणासमारंभासाठी आपण जी उत्तर हिंदुस्थानी शेरवानी पत्करली तिलाच 'पारंपरिक' म्हणू लागलो. डोंबिवलीत १९९९ साली सुरू झालेल्या आणि मग गावोगाव पसरलेल्या पाडव्याच्या शोभायात्रा पाहिल्या तर हे ध्यानात येते. स्त्रिया नऊवारीत, पुरुष झब्बा-सुरवारीत. डोक्यावरचा फेटा तेवढा मराठी, तोही बांधणाऱ्याने रांगेत उभे करून बांधलेला.

हिंजवडीत हा विरोध अधिक ठळक दिसतो. कंपन्यांमध्ये 'पारंपरिक वेशदिन' असतो तेव्हा काचेच्या इमारतींतून पैठण्या आणि नऊवारी वावरतात, पुरुषांचा झब्बा मात्र बहुधा जीन्सवर येतो. त्याच गावात चैत्री पौर्णिमेला म्हातोबाची यात्रा भरते, बगाड निघते आणि वाकडला जाते. तेथे धोतर-फेट्यातली वडीलधारी माणसे असतात. ती कोणताही दिन साजरा करीत नसतात. माझ्या स्नेह्यांनी ही यात्रा वाहतूक खोळंबल्यामुळे मोटारीच्या काचेतून पाहिली आहे.

मला मात्र वस्त्रापेक्षा क्रियापदाची चिंता अधिक वाटते. सदरा घालतात, शाल पांघरतात, फेटा बांधतात, दागिने लेतात आणि धोतर नेसतात. शिवलेले ते घालायचे, न शिवलेले कमरेला वेढून घ्यायचे ते नेसायचे, असा हा विवेक आहे. 'नेसणे' हे क्रियापद स्त्री-पुरुष दोघांचे होते. लुगडे नेसणारी आणि धोतर नेसणारा एकाच व्याकरणात नांदत होते; निऱ्या दोघांना, कासोटा दोघांना. आज मराठी पुरुषाजवळ नेसण्याजोगे काहीच उरले नाही, म्हणून ते क्रियापद साडीपुरते राहिले आणि आपसूक बायकी ठरले. 'धोतर घातले' असे विद्यार्थी सहज लिहितात. त्यांना दोष कसा द्यावा? ज्या क्रियेत हात कधी गुंतले नाहीत, तिचे क्रियापद जिभेवर कुठून येणार? धोतर भाषेत शिल्लक आहे ते थट्टेपुरते. घाबरगुंडी उडाली की अजूनही माणसाचे धोतर सुटते, त्याने जन्मात कधी नेसलेले नसले तरी.

येथवर स्नेह्यांची हळहळ मला मान्य आहे. अडचण आहे ती 'आपले धोतर' या शब्दप्रयोगातील 'आपले' या शब्दापाशी. १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ झालेल्या मेजवानीला जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि खरा हिंदुस्थान हा असा आहे, हे त्यांनी व्हिक्टोरिया राणीच्या मुलाला ऐकवले. ड्यूकच्या बालपणाचा काही काळ बालमोरलच्या राजवाड्यात गेलेला. तेथे राणी आपल्या मुलांना हौसेने किल्ट घाली. एकाच्या दृष्टीने डोंगरी वेश ही राजघराण्याची हौस, तर दुसऱ्याच्या दृष्टीने कुणब्याचा वेश ही साक्ष. त्या मेजवानीत इतर निमंत्रितांचीही धोतरे असतील, पण ती आणि फुल्यांनी दाखवू पाहिलेले धोतर एक नव्हे. लांबी, पोत, काठ, नेसण्याची तऱ्हा, गुडघ्यावर की घोट्यापर्यंत, या साऱ्यातून जात वाचता येत असे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांपुढे भाषण केले, त्यात लुगडे कसे नेसावे हाही विषय होता, कारण नेसण्याच्या तऱ्हेवरून अस्पृश्यता ओळखू येत होती. ते स्वतः सुटात वावरले. ज्यांच्या आजोबांना घोट्यापर्यंत धोतर नेसण्याची मुभा नव्हती, त्यांच्या घरात पाटलोण आली तेव्हा काही हरवले नाही, मिळाले. त्यांनी हळहळावे अशी अपेक्षा करणे हा उर्मटपणा होईल.

किल्टला ही अडचण फारशी आली नाही. घराण्याघराण्यांचे चौकडे पुष्कळसे एकोणिसाव्या शतकात ठरवले गेले आणि ते विकत घ्यायला कोणालाच मज्जाव नव्हता. तमिळनाडूत वेष्टीलाही असे सार्वत्रिक रूप आले आहे. २०१४ साली चेन्नईतील एका क्लबात वेष्टी नेसलेल्या न्यायमूर्तींना प्रवेश नाकारला गेला, तेव्हा त्याच वर्षी विधानसभेने अशा मज्जावाविरुद्ध कायदाच केला. महाराष्ट्रात तसे घडले तर त्या कायद्याची मागणी नेमके कोण करील, याचा अंदाज मला बांधता येत नाही. २०१९ मध्ये अभिजित बॅनर्जी यांनी स्टॉकहोमला धोतर नेसून नोबेल पारितोषिक स्वीकारले, त्या छायाचित्राचे आपल्याकडेही कौतुक झाले. ते धोतर बंगाली होते, म्हणून कौतुक निर्वेध झाले असावे.

असो. माझ्या स्नेह्यांच्या कपाटात वडिलांची एक धोतरजोडी आहे. तिचे एक पान वापरून मऊ झालेले, दुसरे अजून कोरे. येत्या वैशाखात पुतण्याचे लग्न आहे. बाजारात निऱ्या शिवलेले, कमरेला इलॅस्टिक लावलेले तयार धोतर मिळते. पुतण्याने ते मापाप्रमाणे मागवलेही आहे, आणि त्याबाबतीत 'घातले' म्हणणेच बरोबर ठरेल. काकांना मात्र कोरे पान नेसायचे आहे. शिकवणारा पुरुष घरात उरलेला नाही, म्हणून नऊवारी नेसणाऱ्या थोरल्या आत्याबाईंना त्यांनी विचारले. कासोटा मी दाखवीन, निऱ्यांचे तुझे तू बघ, असे त्या म्हणाल्या आहेत.